बैलाचा विमा आणि कुत्र्याचं आजारपण

या मालिकेत आतापर्यंत आपण छावण्या, तोफखाना, रसद आणि घाटरस्ते यांच्याबद्दल बोललो. आजचा विषय त्या मानाने घरगुती आहे. गेले दोन महिने आमच्या महूच्या घरात एकच चर्चा चालू आहे : भैरूचा आरोग्य विमा काढायचा की नाही? भैरू म्हणजे आमचा कुत्रा. वय सहा वर्षं. जात विचाराल तर गावठी. कुठल्या तरी पिढीत लॅब्राडोर डोकावून गेला असावा, असं त्याच्या कानांवरून वाटतं. तब्येत ठणठणीत. पण विमा कंपन्या पहिल्यांदा विमा देताना कुत्र्याचं वय बघतात, आणि वरची मर्यादा आता फार लांब राहिलेली नाही. त्यामुळे ‘नंतर बघू’ म्हणायची सोय उरलेली नाही.

आमच्या सौभाग्यवतींचा मुद्दा एका वाक्याचा होता. ‘‘अहो, आपल्या दोघांना ईसीएचएस आहे, त्याला काय आहे?’’ ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांसाठी २००३ साली सुरू झालेली आरोग्य योजना. एकदा वर्गणी भरायची आणि मग आयुष्यभर नवरा-बायकोच्या उपचारांची काळजी मिटते. आश्रितांच्या यादीत कुत्रा बसत नाही.

मी मात्र सही करण्याआधी मागचा इतिहास चाळायला बसलो. जुनी सवय. नकाशा न पाहता निघायचं नाही. आणि चाळता चाळता लक्षात आलं, की कुत्र्याचा विमा हे प्रकरण मुळात गोठ्यातून आलेलं आहे. आजच्या चकचकीत पॉलिसीच्या कलमांनाही शेणाचा थोडा वास येतो. तो ओळखता आला, तर काय घ्यायचं आणि काय नाही, हे ठरवणं सोपं जातं.

सुरुवात गायीपासून करू. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या खेड्यांमधून गाय-मंडळं असत, डुक्कर-मंडळंही असत. मजूर माणसाची एकुलती एक गाय मेली तर घर बसलंच. म्हणून गावातले पंधरावीस जण थोडे थोडे पैसे गोळा करत आणि ज्याचं जनावर मरेल त्याला त्यातून भरपाई देत. आपल्याकडच्या भिशीसारखंच, पण चिठ्ठी नशिबाऐवजी मरण काढणार. यात एक गोष्ट ध्यानात घ्या. भरपाई मिळायची ती गाय मेल्यावर, आणि गायीच्या किमतीएवढी. आजारी गायीवर उपचार करण्याचा प्रश्न तिथे फारसा नव्हताच, कारण करण्यासारखे उपचारही थोडेच होते.

१८९० साली स्वीडनमध्ये क्लेस विर्गिन नावाच्या गृहस्थांनी हेच काम मोठ्या प्रमाणावर सुरू केलं. घोडे आणि गुरं यांचा विमा. आज ती कंपनी ‘अग्रिया’ या नावाने ओळखली जाते. त्याच स्वीडनमध्ये १९२४ साली पहिल्यांदा एका कुत्र्याचा विमा उतरवला गेला. म्हणजे घोड्यापासून कुत्र्यापर्यंत यायला चौतीस वर्षं लागली. स्वीडनची आणखी एक गंमत आहे. तिथे इतक्या कुत्र्यांचे विमे निघाले, की कंपनीच्या नोंदींवरून पुढे पशुवैद्यक संशोधकांनी कोणत्या जातीचा कुत्रा कोणत्या वयात कशाने आजारी पडतो याचा अभ्यास केला. हप्ता ठरवायला ठेवलेल्या वह्या शास्त्राच्या कामी आल्या.

आपल्याकडे सहकाराचा कायदा १९०४ साली आला आणि त्यानंतर ब्रिटिश अमलातल्या ब्रह्मदेशात शेतकऱ्यांच्या सहकारी पशुविमा संस्था निघाल्या. पण देशभर पशुविमा पोचला तो स्वातंत्र्यानंतर, आणि तोही बँकेच्या कर्जाचं बोट धरून. १९७२ च्या कायद्याने सर्वसाधारण विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं. १ जानेवारी १९७३ पासून शंभरावर कंपन्यांच्या चार सरकारी कंपन्या झाल्या : नॅशनल, न्यू इंडिया, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया. १९७४ च्या सुमाराला छोट्या शेतकऱ्यांसाठीच्या योजनेत गायी-म्हशींचा विमा सुरू झाला. पुढे एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात कर्जावर म्हशी वाटल्या गेल्या, आणि म्हैस मेली तर कर्ज बुडू नये म्हणून विमा आला. वय झालेल्या मंडळींना आठवत असेल, म्हशीच्या कानात बिल्ला मारायचे. बिल्ला नसेल तर भरपाई नाही, हा नियम गावोगाव पाठ होता. शेतकरी म्हशीला जितका जपायचा तितकाच त्या बिल्ल्यालाही जपायचा. मग २००५-०६ पासून केंद्राची पशुधन विमा योजना निवडक शंभर जिल्ह्यांत प्रयोगादाखल आली, निम्मा हप्ता सरकारचा.

याच सरकारी कंपन्यांच्या यादीत खाली कुठेतरी कुत्र्याचीही पॉलिसी होती. आजही आहे. तिची रचना पाहिली की म्हशीची पॉलिसी आठवते. साधारण आठ आठवडे ते आठ वर्षं वयाचा कुत्रा, अपघाताने किंवा आजाराने मेला तर बाजारभावाएवढी रक्कम, लसीकरणाचा दाखला हवा, मेल्यावर डॉक्टरचा दाखला हवा. सगळा हिशोब बाजारभावावर. आता मला सांगा, भैरूचा बाजारभाव काय? तो आम्हाला पावसाळ्यात छावणीच्या भिंतीलगत सापडला. म्हशीच्या तर्काने त्याची किंमत शून्य. पाळणाऱ्याकडून पन्नास हजारांना आणलेल्या पिल्लाचा विमा निघेल, आणि सहा वर्षं दाराशी झोपणाऱ्याचा निघणार नाही. कायद्याने ते बरोबरच आहे. विमा नुकसानीचा असतो, मायेचा नव्हे.

आता थोडं फौजेकडे वळतो, कारण कुत्र्याची किंमत ठरवण्याच्या बाबतीत फौजेचा अनुभव जुना आहे. आपल्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरचा जन्म १७७९ चा धरतात. कंपनी सरकारला घोडे हवे होते, म्हणून बंगालमध्ये पैदाशीचं खातं उघडलं. १८०८ मध्ये त्या खात्यात विल्यम मूरक्रॉफ्ट नावाचा इंग्रज पशुवैद्य बिहारातल्या पुसाला आला. चांगले घोडे शोधत तो १८१२ मध्ये पार तिबेटात पोचला. तिथे त्याला दोन युरोपीय जातीचे कुत्रे दिसले. ते धावत येऊन त्याला चाटू लागले आणि त्याच्यापुढे कवायत करू लागले. ते रशियन लोकांकडून आले होते असं कळल्यावर मूरक्रॉफ्टला प्रेमापेक्षा हेरगिरीची काळजी जास्त वाटली. विषयाला सोडून आहे, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

फौजी पशुवैद्यकाची शाळा १८६२ मध्ये आपल्या पुण्यात निघाली. मुंबईचं पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ चं, आणि त्याचे पहिले प्राचार्य जे. एच. स्टील हेही लष्करी पशुवैद्यच. त्याच्या दोन-तीन वर्षं आधी परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाने जनावरांचा दवाखाना उभा राहिला होता. ही मुंबई तीच, जिथे १८३२ मध्ये पोलिसांनी भटके कुत्रे मारायची मोहीम काढली, मारलेल्या कुत्र्यामागे पैसे दिले आणि त्यावरून जून महिन्यात पारशी मंडळी रस्त्यावर उतरली. पन्नास वर्षांत कुत्रा मारण्याच्या बक्षिसापासून कुत्र्याच्या दवाखान्यापर्यंतचा हा प्रवास.

फौज मात्र कधी विमा काढत नाही. हे अनेकांना चमत्कारिक वाटतं. ज्याच्याकडे हजारो जनावरं, हजारो गाड्या आहेत, त्याला दुसऱ्याकडे हप्ता भरायची गरजच नसते. या वर्षी दहा कुत्रे आजारी पडले काय नि पंधरा पडले काय, खर्च एकाच मोठ्या खिशातून जातो आणि तो खिसा फाटत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये अनंतनागच्या चकमकीत ‘झूम’ नावाच्या आपल्या कुत्र्याला दोन गोळ्या लागल्या. श्रीनगरच्या ५४ ॲडव्हान्स फील्ड व्हेटर्नरी हॉस्पिटलमध्ये त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. १३ तारखेला तो गेला. त्या चार दिवसांत खर्च किती, हा प्रश्न कोणाला पडला नसणार. मुंबई पोलिसांच्या ‘जंजीर’चंही तेच. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर त्याने तीन हजार किलोंहून जास्त आरडीएक्स शोधून दिलं. २००० साली हाडांच्या कर्करोगाने तो वारला तेव्हा त्याला सरकारी इतमामाने निरोप दिला गेला.

पण या मोठ्या खिशाची दुसरी बाजूही सांगायला हवी. फौजेच्या भाषेत जनावर कामाचं उरलं नाही की ते ‘कास्ट’ होतं. निवृत्त कुत्र्यांना इंजेक्शन देऊन संपवलं जायचं, हे २०१५ मध्ये माहिती अधिकाराखाली विचारलेल्या प्रश्नामुळे जगासमोर आलं आणि बरीच ओरड झाली. त्यानंतर धोरण बदललं, म्हाताऱ्या कुत्र्यांची मेरठला सोय झाली आणि साध्या नागरिकांनाही ते दत्तक घेता येऊ लागले. उशिरा झालं, पण झालं. ज्या नजरेने फौज तेव्हा कुत्र्याकडे पाहत होती, तीच नजर म्हशीच्या पॉलिसीची : काम आहे तोवर किंमत आहे.

आमच्या शेजारी डॉग युनिटमधून निवृत्त झालेले एक सुभेदार राहतात, मूळचे साताऱ्याकडचे. त्यांनाही मी विचारलं. ते म्हणाले, ‘‘साहेब, युनिटमध्ये कधी विचारलं नाही की इंजेक्शन केवढ्याचं. घरी कुत्री पाळली आणि तिच्या पहिल्याच ऑपरेशनला मला गावची जमीन आठवली.’’ मग म्हणाले, ‘‘आमच्याकडं खंड्याला जहागीर होती. आता जहागिरी देणारं कोण ऱ्हायलंय?’’ हा खंड्या म्हणजे छत्रपती थोरल्या शाहू महाराजांचा कुत्रा. त्याने शिकारीत वाघापासून महाराजांना वाचवलं, म्हणून महाराजांनी त्याला जहागीर आणि पालखीचा मान दिला, अशी परंपरा सांगते. साताऱ्याजवळ संगम माहुलीला त्याची समाधी दाखवतात. सुभेदार बोलले गमतीत, पण मुद्दा नेमका होता. जहागीर म्हणजे आयुष्यभराच्या पोटापाण्याची तरतूद. खंड्याची किंमत कोणी बाजारात जाऊन विचारली नव्हती.

मग कुत्र्याचा विमा मरणावरून आजारपणावर कधी आला? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, जेव्हा कुत्र्यावर करण्यासारखं खूप काही झालं, आणि ते महाग झालं. क्ष-किरण, भूल, हाडं जोडणं, सोनोग्राफी, कर्करोगावरचे उपचार. माणसांच्या दवाखान्यात आलेली प्रत्येक गोष्ट दहा-वीस वर्षांनी कुत्र्यांच्या दवाखान्यात आली. ब्रिटनमध्ये पाळीव प्राण्याची पहिली पॉलिसी १९४७ मध्ये निघाली, पण तिथे धंदा खरा वाढवला पॅट्सी ब्लूम या बाईंनी. त्यांच्या कुत्र्याच्या आजारपणाचं बिल त्यांना जड गेलं. १९७६ मध्ये त्यांनी आणि डेव्हिड सिम्पसन यांनी प्रत्येकी अडीचशे पौंड घालून ‘पेटप्लॅन’ सुरू केलं.

अमेरिकेची गोष्ट जास्त बोचरी आहे. जॅक स्टीफन्स नावाचे पशुवैद्य ती स्वतः सांगत. एकदा दुकानात सामान घेताना एका लहान मुलीने त्यांना पाहिलं आणि आईला म्हणाली, माझ्या कुत्र्याला मारणारा माणूस तो. त्या कुटुंबाला उपचार परवडले नव्हते, म्हणून आदल्या दिवसांत स्टीफन्स यांनी त्या कुत्र्याला शांतपणे संपवलं होतं. त्यातून त्यांनी कॅलिफोर्नियात कंपनी काढली आणि १९८२ मध्ये पहिली पॉलिसी दिली ती दूरदर्शनवर गाजलेल्या ‘लॅसी’ला. जाहिरात म्हणून छान, पण मला त्या लॅसीपेक्षा ती मुलगी लक्षात राहिली. आजार बरा होण्यासारखा आहे, डॉक्टर समोर आहे, औषध आहे, आणि तरी पैशावरून जनावर संपवायचं, ही पाळी घरावर येते. आजारपणाचा विमा मुळात या एका क्षणासाठी निघाला.

आता आपल्याकडे. २०२० मध्ये पुण्याच्या बजाज अलियान्झने पाळीव कुत्र्यासाठी पॉलिसी आणली, ज्यात शस्त्रक्रिया आणि दवाखान्यात ठेवण्याचा खर्च हा मुख्य भाग होता. देशी आणि मिश्र जातीचे कुत्रेही त्यात बसत होते. भैरूसारख्यांना कागदावर जागा मिळाली ती तेव्हा. पुढे इतरही कंपन्या आल्या.

मी तीन कंपन्यांचे कागद मुळापासून वाचले. नावं घेत नाही, कारण मला जाहिरातही करायची नाही आणि भांडणही नको. दोन संध्याकाळी गेल्या. मोठ्या अक्षरातलं विसरा, ‘यात काय नाही’ हे पान आधी उघडा. पॉलिसीच्या आधीपासून असलेला आजार नाही. जन्मजात दोष बहुतेक ठिकाणी नाहीत. लस न दिल्यामुळे झालेला आजार नाही. आणि सुरुवातीचे काही दिवस किंवा आठवडे आजारपणासाठी काहीच मिळत नाही, अगदी हप्ता भरला असला तरी. यातलं बरंचसं न्याय्य आहे, कारण नाहीतर लोक कुत्रा लंगडायला लागल्यावर विमा काढतील.

अडचण आहे ती रोजच्या आजारांची. आपल्या हवामानात कुत्र्याला सर्वांत जास्त छळतात त्या गोचिड्या. त्यांच्यापासून होणारा एक ताप, एर्लिकियाचा, १९३५ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञांनी अल्जीरियात पहिल्यांदा नोंदवला. पुढे व्हिएतनामच्या लढाईत अमेरिकन फौजेच्या जर्मन शेफर्ड कुत्र्यांमध्ये त्याने मोठा संहार केला. आज महूपासून मंगळूरपर्यंत कुठल्याही डॉक्टरकडे जा, रांगेत गोचिड-तापाचा एक तरी कुत्रा भेटेल. रक्ततपासणी, गोळ्या, दोन-तीन फेऱ्या. हा खर्च दवाखान्यात दाखल न करता होतो, आणि तो भरून देणारा भाग पॉलिसीत वेगळा असतो, महाग असतो आणि त्याला मर्यादाही लहान. हिशोब केला तर तो भाग घेऊन आपलेच पैसे आपल्याला कापून परत मिळतात. ज्या खर्चाची दरवर्षी खात्रीच आहे, त्याचा विमा काढण्यात अर्थ नाही. त्यासाठी डबा ठेवावा. गोचिडीचं औषध महिन्याच्या महिन्याला लावावं.

मग विमा कशाचा? जे बहुधा होणार नाही, पण झालं तर घर हलेल, त्याचा. इंदूरच्या एका डॉक्टरांना विचारलं, गुडघ्याचा अस्थिबंध तुटला तर काय खर्च येतो. साठ ते ऐंशी हजार म्हणाले. गाडीखाली आला तर जास्तही. फौज हा धोका हजार कुत्र्यांवर वाटून टाकते. माझ्याकडे एकच कुत्रा आहे, मी कोणात वाटू? उरलेल्या नऊशे नव्व्याण्णव कुत्र्यांशी माझी गाठ घालून देणं, एवढंच विमा कंपनीचं काम, आणि त्याचे ती पैसे घेते. तुमच्याकडे भरपूर शिल्लक असेल आणि लाखभर रुपये एका दिवसात काढताना हात थरथरणार नसेल, तर तुम्ही स्वतःच आपली विमा कंपनी आहात. घेऊ नका. निवृत्तिवेतनावर घर चालणारा माणूस त्या गटात बसत नाही.

दुसरी गोष्ट, जी लोक विसरतात, ती म्हणजे कुत्रा दुसऱ्याला चावला तर. पूर्वी भारतीय दंड विधानाचं कलम २८९ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं २९१. जनावर सांभाळण्यात हयगय केली तर मालक जबाबदार. शिक्षेपासून कुठलाही विमा वाचवत नाही, पण दिवाणी नुकसानभरपाईचा भाग पॉलिसीत घेता येतो आणि तो स्वस्त असतो. गजबजलेल्या वस्तीत, लिफ्ट असलेल्या इमारतीत राहणाऱ्यांनी तर हा आधी पाहावा. भैरू सभ्य आहे, पण आमच्या गल्लीत क्रिकेटचा चेंडू सभ्य नाही.

तेव्हा आम्ही ठरवलं ते असं. शस्त्रक्रिया आणि दवाखान्याचा भाग घेतला, पन्नास हजारांचा. तिसऱ्या माणसाच्या नुकसानीचा घेतला. चोरी आणि हरवण्याचा सोडला, कारण भैरूला चोरून नेणाऱ्याने तो दोन दिवसांत परत आणून सोडला असता. मृत्यूचा भाग जाणूनबुजून नाकारला. तो बैलाचा हिशोब आहे. भैरू गेल्यावर मिळालेल्या पैशांचं आम्ही करणार काय? दुसरा कुत्रा विकत आणणार? सगळं मिळून वर्षाचा हप्ता चार हजारांच्या आत बसला. पन्नास हजारांवरच्या खर्चासाठी बँकेत एक आवर्ती ठेव उघडली, महिन्याला एक हजार. गोचिड्या, लसी, पोटदुखी हे खिशातून.

ओळख पटवायला त्याच्या मानेत चिप बसवून घेतली. तांदळाच्या दाण्याएवढी असते, म्हशीच्या बिल्ल्याची नात म्हणा. अर्जात ‘जनावराची अंदाजे किंमत’ असा रकाना अजून आहेच. एजंट म्हणाला, काहीतरी आकडा लिहा सर, रिकामं चालत नाही. सौभाग्यवतींनी पेन माझ्या हातातून काढून घेतलं आणि स्वतः आकडा लिहिला. तो मी इथे सांगणार नाही. एजंटने तो खोडायला लावला.

पॉलिसी हातात आली आहे, पण प्रतीक्षेचे दिवस अजून संपायचे आहेत. तोवर भैरूने अंगणाच्या भिंतीवरून उड्या मारायच्या नाहीत, असा घरात आदेश निघाला आहे. तो त्याच्यापर्यंत पोचल्याचं अजून तरी दिसत नाही.